सुरमईची जीभ

मांजर तपासायच्या टेबलावर आलं की मी आधी त्याचं वजन करते आणि मग जीभ बघते. वजन अशासाठी, की आमचं सगळं औषध किलोच्या हिशेबाने चालतं. तीन किलोच्या जिवाला अर्धा मिलिलिटर जास्त गेला तर तो जीव जाऊ शकतो, म्हणून अंदाजपंचे काही करायचं नाही, ही सवय मला पहिल्यापासून आहे आणि घरातले तिला कंटाळलेले आहेत. जीभ अशासाठी, की मांजराच्या पोटात काय चाललंय हे मांजर कधीच सांगत नाही, पण जीभ पुष्कळ काही सांगते.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात माझा दवाखाना आहे. कुत्री येतात, ससे येतात, पोपट येतात, पण निम्म्याहून जास्त मांजरंच. त्यामुळे मांजराच्या जिभेविषयी लोकांचे काय काय समज असतात ते मी सगळे ऐकलेत. एक नवीन लग्न झालेली मुलगी रडवेली होऊन आली होती. "मॅडम, हिच्या जिभेला काटे आलेत, ऑपरेशन करावं लागेल का?" तिला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की बाई, काटे असायलाच हवेत, नसते तर मी घाबरले असते. दुसरे एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने सांगायचे की आमचा बोका श्रीखंडाशिवाय जेवत नाही, त्याला गोडाची फार आवड. मांजराला गोड चव कळतच नाही, तो श्रीखंडातली मलई खातोय, असं मी सांगितल्यावर ते इतके दुखावले, की बोक्याचं पुढचं इंजेक्शन त्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे करून घेतलं.

काट्यांचं थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मांजराच्या जिभेवर जे बारीक काटे असतात ते आपल्या नखासारख्याच पदार्थाचे असतात आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. हाडावरचं मांस खरवडायला ते उपयोगी पडतात, पण मुख्य उपयोग अंग साफ करायला. हे काटे टोकाशी पन्हाळीसारखे पोकळ असतात. त्या पोकळीत लाळ भरते, आणि मांजर अंग चाटतं तेव्हा ती लाळ केसांच्या मुळाशी, थेट कातडीपर्यंत पोचते. म्हणजे ही जीभ कंगवाही आहे आणि ओलं फडकंही. जागं असलेलं मांजर खाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ अंग चाटण्यात घालवतं.

आता यातली अडचण बघा. काट्यांची टोकं आतल्या बाजूला. त्यामुळे जिभेला जे लागतं ते बाहेर थुंकणं मांजराला जवळजवळ जमतच नाही. केस असोत, राखीचा जरीचा धागा असो, शिवणाचा दोरा असो, एकदा जिभेवर चढलं की ते आतच जातं. आणि अंगावर जे पडेल ते सगळं जिभेवर चढतं. आपल्या अंगावर रंग सांडला तर आपण अंघोळ करतो. मांजराच्या अंगावर सांडला तर मांजर तो खातं. हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या मुलाला ते पाठ आहे. तरीही त्या उन्हाळ्यात जे घडलं त्याचा अंदाज मला आला नव्हता.

सुनंदाकाकू पेडणेकर आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. साठी ओलांडलेल्या, एकट्या, मूळच्या मालवणकडच्या. चार मजल्यांची जुनी सोसायटी, काकूंचं घर पहिल्या मजल्यावर. खाली जिन्यामागे, मीटर लावलेत त्या कोपऱ्यात, त्या सोसायटीतल्या चार मांजरांना जेवू घालायच्या. मांजरांची नावं माशांची ठेवलेली. पट्ट्यापट्ट्यांचा बोका बांगडा, लहानशी सोनेरी मांदेली, करड्या रंगाची सुरमई, आणि एक म्हातारी, अवाढव्य, पांढरट मांजरी, तिचं नाव हलवा. चौघांचीही नसबंदी माझ्याकडे झालेली, लसीही वेळेवर. अशी गिऱ्हाइकं असली की डॉक्टरला बरं वाटतं.

त्या दिवशी काकू आल्या त्या चपला न घालता. हातात प्लास्टिकची बास्केट, बास्केटीत सुरमई.

"डॉक्टर, बांगडा गेला. मांदेली गेली. आता ही."

"गेले म्हणजे? कधी?"

"बांगडा सोमवारी. परवा मांदेली. आणि बांगडा कुठे मिळाला माहितीय? त्या जाधवच्या बाईकखाली. आता तुम्हीच समजा काय ते."

तीन-तीन वर्षांची धडधाकट मांजरं. मी विचारलं, मला दाखवायला का नाही आणलं? तर दोघंही सकाळी मेलेलीच सापडली होती, आणि काकूंनी ती सोसायटीच्या मागच्या गुलमोहराखाली पुरूनही टाकली होती. म्हणजे पोस्टमॉर्टेमचा प्रश्न उरला नव्हता.

सुरमईचं वजन दोन किलो आठशे. महिन्यापूर्वी तीन दोनशे होतं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, हनुवटीचे केस ओले, अंग थरथरत होतं. तोंड उघडू देईना. टॉवेलमध्ये गुंडाळून, बोटाने जबडा हळूच खाली करून मी जीभ बघितली.

जिभेचं टोक नव्हतं. म्हणजे जीभ होती, पण पुढचा साधारण एक सेंटिमीटरचा भाग सोलून काढल्यासारखा लालभडक झालेला, कडेला पांढरट पापुद्रे सुटलेले, काटे कुठे दिसतच नव्हते. मागची अर्धी जीभ मात्र जशीच्या तशी. घसाही बरा.

"काय झालंय?" काकू म्हणाल्या.

"जीभ भाजल्यासारखी झालीय."

"विष ना? इख घातल्यान तेणी, मला माहीतच होतं!" चिडल्या की काकू मालवणीत जातात.

जाधव म्हणजे त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे विलास जाधव. सरकारी बसवर ड्रायव्हर. मांजरांनी त्यांच्या नव्या बाईकची सीट ओरबाडून कापूस बाहेर काढला होता. सोसायटीच्या सभेत त्यांनी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं होतं, "या मांजरांचा बंदोबस्त तुम्ही करणार नसाल तर मी करतो!" तीस माणसांनी ते ऐकलं होतं. आणि बोका मेला तो त्यांच्याच बाईकखाली.

काकूंनी पिशवीतून कोरा कागद काढला.

"लिहून द्या, डॉक्टर. विषबाधा. एवढा एकच शब्द. पोलीस म्हणाले, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मग बघू."

"काकू, गुन्हा नोंदला तर जाधवांची नोकरी..."

"जाऊ दे! माझी मांजरं गेली त्याचं काय?"

मी म्हटलं, आधी सुरमईला वाचवू, कागद कुठे पळून जात नाही. त्यांना ते आवडलं नाही, पण बसल्या.

सलाईन लावलं, वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं. मांजरांच्या जिभेवर फोड आणणारा एक विषाणू असतो, तो पहिल्यांदा मनात आला. पण ताप नव्हता, नाक वाहत नव्हतं, लस घेतलेली होती. आणि उंदराचं विष किंवा कुणी खाण्यात घालून दिलेलं काही असेल तर ते जिभेच्या टोकाशी रेंगाळत नाही, गिळलं जातं. टोक भाजायचं एकच कारण असतं. जे होतं ते या मांजरीने खाल्लं नव्हतं. चाटलं होतं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा चाटलं होतं.

कुठून चाटलं असेल हे बघायला मी तिचे पाय उलटे केले. पंजांच्या गाद्या एरवी गुलाबी असतात. या सुजलेल्या, लाल, दोन ठिकाणी चिरलेल्या होत्या. पंजाला नाक लावलं. लाळेच्या वासाखाली दुसरा एक वास होता, ओळखीचा, पण तेव्हा नाव आठवेना. डांबरासारखा. रस्त्याचं काम काढलंय का कुठे, असं मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, नाही.

चारही पाय आणि पोट साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली, म्हणजे तिला अंग चाटता येणार नाही. कॉलर घातल्यावर सुरमईने जे केलं ते मला अजून दिसतं. तिने मान वळवली, कॉलरच्या आतल्या बाजूला जीभ टेकवली आणि ते प्लास्टिकच चाटायला लागली. भाजलेल्या, रक्ताळलेल्या जिभेने. दुखत होतं तरी थांबेना. ती घाण झालेली होती आणि घाण झालं की चाटायचं, एवढंच तिला माहीत होतं.

संध्याकाळी जाधव स्वतः दवाखान्यात आले. ड्युटीच्या कपड्यांत. बाकावर बसायला सांगितलं तर उभेच राहिले.

"मॅडम, ती बाई माझ्यावर केस करतेय. तुम्ही लिहून देणार म्हणून सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलीय."

"मी अजून काही लिहिलेलं नाही."

"मी बोललो, मान्य. रागात बोललो. सीटची वाट लावली ना यार त्यांनी! पण मारायला मी काय... माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. तिला पण वाटतंय मीच केलं. तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. मला जागा बघायचीय."

"या. आत्ता या. माझं घर बघा, बाईकची डिकी बघा, काय बघायचं ते बघा."

"उद्या येते. आणि तुमचं घर नाही, मांजरं जेवतात ती जागा."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत आहे, त्याचं बोलणं सरळ असतं. म्हणाला, "तू जनावरांची डॉक्टर आहेस, न्यायाधीश नाहीस. जे डोळ्यांनी बघितलंस तेवढंच लिही." मी तेच करणार होते. पण मनात एक गोष्ट टोचत होती. चार मांजरं एकाच जागी जेवतात, एकाच ताटलीत तोंड घालतात. दोन मेली, एक मरायला टेकली. मग चौथी कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा चौथी, म्हणजे हलवा, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आडवी पसरली होती. तिचं वजन मागच्या वेळी सहा किलो शंभर भरलं होतं. मी तोंड उघडून बघितलं. जीभ स्वच्छ, काटे शाबूत. पंजे बघितले. गाद्या लाल होत्या! सुरमईइतक्या नाही, पण सुजलेल्या. म्हणजे ती त्याच जागेवरून चालली होती, तेच तिच्या पायांना लागलं होतं. फक्त तिने ते चाटलं नव्हतं.

का चाटलं नसेल हे बघायला फार हुशारी लागत नव्हती. हलवा इतकी लठ्ठ आणि सांध्यांनी इतकी जखडलेली, की तिचं तोंड पायापर्यंत पोचतच नव्हतं. पाठीवर केसांच्या गुठळ्या, शेपटीखाली घाण चिकटलेली. मांजर म्हातारं झालं की असं होतं, ते अंग साफ करणं सोडून देतं. मी काकूंना कितीदा म्हटलं होतं, हिला विंचरत जा. चौघांतली ही सगळ्यात घाणेरडी. आणि तीच वाचली होती. मांदेली सगळ्यात टापटीप, सतत पाय चाटत बसलेली. बांगडाही तसाच. जो जितका स्वच्छ, तो तितक्या लवकर गेला.

"काकू, जेवायची जागा दाखवा."

"चला ना! बघा तुम्ही. जाधवला विचारा, कोणालाही विचारा, बोट ठेवायला जागा नाही."

मीटरखालचा कोपरा खरंच लखलखत होता. इतका, की आजूबाजूची फरशी त्यापुढे काळपट दिसत होती. आणि तिथे पाऊल ठेवताच तो वास आला. नाकात, घशात, डोळ्यांत. डांबराचा नव्हे. काळ्या फिनाईलचा.

जाधव आवाज ऐकून वरून उतरले होते आणि कठड्याला टेकून उभे होते.

"काकू," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "ही जागा तुम्ही कशी धुता?"

"दाखवते की. जेवणाची वेळ झालीच आहे."

त्या वर जाऊन बादली, फडकं आणि बाटली घेऊन आल्या. बादली रिकामी. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि फिनाईल सरळ फरशीवर ओतलं. काळपट तपकिरी, तेलासारखं, बोटभर जाड धार. मग फडक्याने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पसरवलं आणि फडकं बादलीत टाकलं.

"पाणी?" मी विचारलं.

"पाणी घातलं की पातळ होतं, मग मांजरांचा वास राहतो. आधी घालायची मी. एका बादलीला एक झाकण. पण सभेत ठरलं ना, मांजरांना खायला घालायचं तर वास येता कामा नये, डाग दिसता कामा नये. एक जरी तक्रार आली तरी बंद. मग मी झाकणाचं अर्धी बाटली केलं, आणि या महिन्यापासून तर पाणीच सोडलं. आता येतो का वास? सांगा, येतो?"

हे त्या अभिमानाने सांगत होत्या. आणि बोलता बोलता त्यांनी त्या ओल्या फरशीवर ताटली ठेवली, मच्छीचा भात ओतला आणि जिभेने टक टक आवाज केला.

हलवा पायरीवरून उठली आणि त्या ओल्या तपकिरी फरशीवरून चालत ताटलीकडे आली. एक एक पाय टेकवत.

मी ओरडले. दवाखान्यात मी कधी ओरडत नाही, मांजरं घाबरतात. तिथे ओरडले. हलवाला उचललं, सहा किलोची ती, आणि जाधवांच्या हातात दिली कारण तेच जवळ होते. "नळाखाली धरा! पाय धुवा तिचे, चारही, आत्ता!" ते काही न विचारता तिला घेऊन पंपाजवळच्या नळाकडे पळाले.

काकू बाटली हातात धरून तशाच उभ्या.

"काय झालं? काय केलं मी?"

हे सांगायचं कसं, याचं शिक्षण आम्हाला कुणी दिलेलं नाही. मी त्यांना पायरीवर बसवलं, बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि मागचा बारीक छापलेला मजकूर वाचला. एक भाग फिनाईल, पाणी त्याच्या कितीतरी पट. तेही माणसांच्या घरासाठी. यात जो पदार्थ असतो तो आपल्या शरीरात थोडाफार गेला तर आपलं यकृत त्याची विल्हेवाट लावतं. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणाच अपुरी असते. पातळ केलेलंही त्यांना बाधू शकतं. हे तर पाण्याचा थेंब नसलेलं. मांजरं जेवायला या फरशीवर उभी राहत होती, पोट भरलं की कोपऱ्यात जाऊन बसत होती आणि मग, जेवणानंतर प्रत्येक मांजर करतं ते करत होती. पंजा उचलायचा, चाटायचा, पंजा तोंडावरून फिरवायचा, परत चाटायचा.

काकू ऐकत होत्या. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"म्हणजे मीच मारलंय त्यांका?"

याला नाही म्हणणं खोटं झालं असतं आणि हो म्हणणं माझ्याने होईना. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं."

"रोज दोनदा धुवायचे मी. बांगडा गेल्यावर वाटलं, कोणीतरी खाली काही टाकतंय, म्हणून आणखी धुवायला लागले. तीनदा."

जाधव ओली मांजरी छातीशी धरून परत आले होते. ड्युटीचा शर्ट भिजलेला, हातावर ओरखडे. त्यांनी सगळं ऐकलं असावं. मला वाटलं आता हा माणूस बोलेल, त्याला बोलायचा हक्कही होता. त्यांनी हलवाला पायरीवर ठेवलं.

"वासाची अट मीच घातली होती, काकू," ते म्हणाले. "सभेत. फिनाईलचं पण मीच सांगितलं, चांगलं कडक टाका म्हटलं. मला वाटलं तुम्ही दोन दिवसांत कंटाळाल आणि खायला घालणं बंद कराल."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "मी तुला तुरुंगात घालायला निघाले होते रे."

"निघाला होतात खऱ्या."

मग जाधवांनी पंपाची होज लावली आणि तो कोपरा धुवायला घेतला. पाणी आधी दुधासारखं पांढरं होऊन वाहिलं. बराच वेळ वाहिलं. फक्त पाण्याने धुवायचं, असं मी सांगितलं होतं, आणि साधं पाणी त्या जागेला फार दिवसांनी लागत होतं.

सर्टिफिकेटचा कागद काकूंनी परत मागितला नाही.

सुरमई वाचेल असं मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. यकृताचे आकडे वाईट होते. चार दिवस ती सलाईनवर होती आणि मी सिरिंजने तिच्या गालाच्या आतून पातळ पेज सोडत होते, कारण जीभ पुढे काढायची तिची हिंमत होत नव्हती. घरी पाठवली तरी कॉलर काढायची नाही, असं बजावलं. पण अंग न चाटणारं मांजर आजारी पडतं, केस चिकटतात, कातडी खराब होते. म्हणून काकूंना एक काम दिलं. जाडाभरडा टर्किश टॉवेल कोमट पाण्यात पिळायचा आणि केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात मारत, डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसायचं. जिभेचं काम टॉवेलने करायचं. मांजराला ते कळतं. कॉलरमधली सुरमई टॉवेल लागला की डोळे मिटून घ्यायची. हलवालाही हेच सुरू केलं, आणि तिच्या पाठीच्या गुठळ्या मी मशीनने काढून टाकल्या.

काकूंमध्ये मात्र एक बदल झाला होता, तो औषधाने जाण्यातला नव्हता. त्या सारखे हात धुवायच्या. दवाखान्यात आल्या की आधी बेसिन. मांजरीला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. घरातून फिनाईल, साबणाचं पाणी, डासांची कॉइल, सगळं गेलं होतं. साधी उदबत्तीसुद्धा बंद. मी म्हटलं, एवढं नको. त्या ऐकायच्या आणि जाऊन हात धुवायच्या.

महिन्याभराने जीभ भरून आली. टोकाला काटे पुरते उगवले नव्हते, तो भाग अजून गुळगुळीत दिसत होता, पण जखम नव्हती. रक्ताचे आकडे जवळजवळ ताळ्यावर. कॉलर काढायची तर घरीच काढू, तिच्या ओळखीच्या जागी, असं ठरवून मी काकूंच्या घरी गेले. जाधव सुट्टीवर होते, तेही आले, दारातच चपला काढून, हात वर धरून. "धुतलेत," म्हणाले, मी काही विचारायच्या आधीच.

मी कॉलरचा पट्टा सोडला. सुरमईने मान झटकली, घरभर एक फेरी मारली आणि परत येऊन काकूंच्या समोर बसली. काकूंचा हात मांडीवर होता. तिने मान पुढे केली आणि त्यांच्या बोटाला जीभ लावली.

काकूंनी विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला आणि पाठीशी लपवला.

"नको गो. नको. माझ्या हाताला असेल काहीतरी."

"काकू, काही नाहीये हाताला."

"तुम्हाला काय माहीत?"

सुरमई थोडा वेळ त्या रिकाम्या मांडीकडे बघत राहिली. मग तिने उजवा पुढचा पंजा उचलला, बोटं फाकवली आणि चाटायला लागली.

लक्षावधी मांजरं या क्षणी कुठे ना कुठे हेच करत असतील. मी आयुष्यभर बघत आलेय. पण त्या खोलीत आम्ही तिघंही मोजत होतो. एकदा. दोनदा. बोटांच्या मधे जीभ घालून, नख ओढून. काकू उभ्या राहिल्या.

"मला नाही बघवत," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

जाधव भिंतीला टेकून खाली बसले, मांजरीपासून दोन हातांवर, आणि तिच्यावर नजर लावून राहिले.

"मॅडम, किती वेळ बघायचं?"

"ती थांबेपर्यंत," मी म्हटलं.

आतून, नळाच्या आवाजावरून, काकूंनी विचारलं, "चाटतेय?"

"चाटतेय," जाधव म्हणाले.

"बरी आहे?"

"बरी आहे, काकू."

थोडा वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं. मग पुन्हा,

"अजून चाटतेय?"

"अजून चाटतेय."